कंदिलाच्या उजेडातली भूल

येरवड्याच्या तुरुंगापासून ससून रुग्णालय काही फार लांब नाही. तुरुंगाच्या दारातून निघायचं, बंडगार्डनच्या पुलावरून मुळा-मुठा ओलांडायची आणि स्टेशनच्या दिशेनं वळलं की आलंच ससून. मी येरवड्याचा राहणारा. उमेदीची वर्षं ससूनच्या आवारात वैद्यकी शिकण्यात गेली. सायकलवरून, पीएमटीच्या बसनं, पुढे स्कूटरवरून हा रस्ता मी किती वेळा तुडवला असेल, याची गणती नाही.

१२ जानेवारी १९२४ रोजी याच रस्त्यानं एका आजारी कैद्याला मोटारीतून ससूनला आणलं गेलं. कैद्याचं वय ५४. शिक्षा सहा वर्षांची, त्यातलं दुसरं वर्ष सरत आलं होतं. गुन्हा राजद्रोहाचा. ताप चढलेला, पोटात असह्य दुखत होतं. कैद्याचं नाव मोहनदास करमचंद गांधी.

त्या रात्री गांधीजींचं अपेंडिक्स काढलं गेलं, हे पुष्कळांना माहीत असतं. शस्त्रक्रिया चालू असताना दिवे गेले आणि कंदिलाच्या उजेडात ती पुरी केली, ही गोष्टही पुण्यात जुनी माणसं सांगत आली. मी व्यवसायानं भूलतज्ज्ञ. त्यामुळे ही गोष्ट ऐकली की माझं लक्ष सर्जनच्या हातांकडे जात नाही. ते जातं टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूला. तिथे एक माणूस बसलेला असतो. रोग्याचा श्वास त्याच्या हातात असतो, आणि इतिहासाच्या पुस्तकात त्याला सहसा जागा नसते. आज मला त्या बाजूनं ती रात्र सांगायची आहे.

आधी थोडं त्या संध्याकाळविषयी. तुरुंगाचे अधीक्षक कर्नल मरे यांना दुखणं साधं नाही अशी शंका येताच त्यांनी पुण्याचे सिव्हिल सर्जन कर्नल मॅडॉक यांना बोलावून घेतलं. मॅडॉक यांनी तपासलं आणि गांधीजींना ससूनला हलवलं. अपेंडिक्सचं दुखणं हे निदान पक्कं झालं आणि शस्त्रक्रिया तातडीनं करायला हवी असं ठरलं. इथे पेच होता. रोगी सरकारचा कैदी. सर्जन सरकारचा नोकर, तोही इंग्रज. रोगी टेबलावर दगावला असता तर मॅडॉक यांचा हेतू शुद्ध होता यावर हिंदुस्थानात किती जणांनी विश्वास ठेवला असता? आणि शस्त्रक्रिया न करता दगावला असता, तर सरकारनं मुद्दाम मरू दिलं असं म्हणायला लोक मोकळे होतेच.

गांधीजींनी आपले डॉक्टर बोलवावेत अशी इच्छा सांगितली होती: मुंबईचे डॉ. दलाल आणि डॉ. जीवराज मेहता. या दलालांनीच १९१९ साली गांधीजींची एक लहान शस्त्रक्रिया केली होती. त्या आजारपणातच गांधीजी शेळीचं दूध घ्यायला राजी झाले, ती हकिगत आत्मकथेच्या वाचकांना आठवत असेल. जीवराज मेहता पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. पण मुंबईहून माणूस यायचा तर वेळ जाणार, आणि पोटातलं अपेंडिक्स गाडीच्या वेळापत्रकाची वाट पाहत नाही.

मग पुण्यातल्या स्नेह्यांना निरोप गेले. भारत सेवक समाजाचे अध्यक्ष श्रीनिवास शास्त्री आले, डॉ. फाटक आले. शास्त्री आणि गांधीजी यांचं राजकारण अगदी वेगळं. शास्त्री नेमस्त, असहकाराचे कडक टीकाकार. पण दोघांनीही गोखल्यांना मानलेलं, आणि मैत्री पक्की. त्या रात्री गांधीजींनी शास्त्र्यांना एक निवेदन सांगून लिहून घ्यायला लावलं. आशय असा की, माझ्या डॉक्टरांना बोलावण्याची सोय करण्यात आली होती. परंतु उशीर करणं धोक्याचं आहे असं कर्नल मॅडॉक यांचं मत आहे. माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास आहे आणि त्यांनी शस्त्रक्रिया करावी. शास्त्र्यांनी ते वाचून दाखवलं. गांधीजींनी पेन्सिलीनं सही केली. तेव्हा त्यांचा हात इतका थरथरत होता की शास्त्र्यांच्या ते ध्यानात राहिलं आणि त्यांनी ते नंतर लिहूनही ठेवलं. गांधीजींनी डॉक्टरांना आपला कापरा हात दाखवला आणि हे तुम्हाला दुरुस्त करावं लागेल, अशा अर्थाचं काही म्हणाले. मॅडॉक यांनीही हसत, तुमच्यात भरपूर ताकद घालू, असं आश्वासन दिलं.

भूलतज्ज्ञाच्या कानाला हा संवाद ओळखीचा वाटतो. टेबलावर जाण्याआधीची पाच मिनिटं अशीच असतात. रोगी विनोद करतो, डॉक्टर हसतो, आणि दोघांनाही आतून ठाऊक असतं की विनोद कशावर पांघरूण घालतोय.

त्या काळी आपल्याकडे भूल म्हणजे मुख्यतः क्लोरोफॉर्म. याला कारण होतं आणि ते आपल्या हवेत होतं. अमेरिकेत बॉस्टन इथं १६ ऑक्टोबर १८४६ रोजी मॉर्टन यांनी ईथरची भूल देऊन दाखवली. पुढच्या मार्चमध्ये ती कलकत्त्याला पोचलीसुद्धा. आगबोटींच्या त्या दिवसांत पाच महिन्यांत पृथ्वीचा अर्धा फेरा म्हणजे वेगच म्हणायचा. १८४७ च्या नोव्हेंबरात एडिंबरोत सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म वापरला आणि १८४८ च्या जानेवारीत तोही कलकत्त्यात आला. आता ईथर उकळतं सुमारे ३५ अंश सेल्सिअसला. पुण्याच्या एप्रिलात बाटलीचं बूच काढलं की निम्मं औषध हवेत. क्लोरोफॉर्म उकळतो ६१ अंशांना. तो थोडासा लागतो, वास गोडसर, रोगी लवकर झोपतो, आणि खिशातल्या बाटलीत मावतो. लष्करी डॉक्टरांना आणखी काय हवं होतं?

पण त्याची दुसरी बाजू वाईट होती. २८ जानेवारी १८४८ रोजी, म्हणजे शोधाला तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा, इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचं नख काढण्यासाठी दिलेल्या क्लोरोफॉर्मनं काही मिनिटांत गेली. नखासाठी! त्यानंतर अशा बातम्या येतच राहिल्या. धडधाकट माणूस, क्षुल्लक शस्त्रक्रिया, चार थेंब, आणि अचानक सगळं थांबलेलं.

का थांबतं, यावर वैद्यकात पन्नास-साठ वर्षं भांडण चाललं. लंडनची मंडळी म्हणत, आधी हृदय बंद पडतं, म्हणून नाडीवर बोट ठेवा. एडिंबरोची मंडळी म्हणत, आधी श्वास बंद पडतो, श्वासाकडे लक्ष द्या, नाडीकडे पाहत बसाल तर उशीर होईल. या भांडणाचा निकाल लावण्यासाठी जो मोठा प्रयोग झाला तो लंडनला नाही आणि एडिंबरोलाही नाही, तर निजामाच्या हैदराबादेत झाला. आपला मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता, म्हणून ही गोष्ट आपल्या घरचीही म्हणता येईल. तिथले सर्जन एडवर्ड लॉरी हे एडिंबरोच्या परंपरेतले, क्लोरोफॉर्मचे कट्टर भक्त. १८८८ साली त्यांनी पहिलं क्लोरोफॉर्म कमिशन नेमवून घेतलं, कुत्र्यांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष निघाला की श्वास आधी थांबतो. लंडनच्या ‘लॅन्सेट’ नियतकालिकानं या निष्कर्षावर शंका घेतली. निजामानं सरळ हजार पौंड देऊ केले आणि सांगितलं, तुमचा माणूस पाठवा, पुन्हा करू. १८८९ साली लॉडर ब्रंटन हे नामांकित औषधशास्त्रज्ञ हैदराबादला आले. कुत्री, माकडं, असे शेकडो प्राणी. निष्कर्ष पुन्हा तोच. ब्रंटन विरुद्ध मत घेऊन आले होते, तेही लॉरींच्या बाजूला गेले.

याच हैदराबादेत लॉरींच्या हाताखाली रूपाबाई फर्दूनजी या पारशी बाई क्लोरोफॉर्मची भूल देत असत. स्त्री-भूलतज्ज्ञांमध्ये जगातली पहिली म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. आज आमच्या व्यवसायात मुलींची संख्या मोठी आहे. त्यांच्यापैकी कितीजणींनी रूपाबाईंचं नाव ऐकलंय, हे मी व्याख्यानांत विचारत असे. वर आलेले हात मोजायला एक हात पुरायचा.

हैदराबादचा निष्कर्ष मात्र अपुरा निघाला. १९११ साली गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की, क्लोरोफॉर्मची भूल उथळ असताना भीतीनं किंवा वेदनेनं शरीरात अ‍ॅड्रिनॅलिन वाढलं, तर हृदयाची लय एकदम बिघडते आणि हृदय नुसतं थरथरत राहतं. म्हणजे आपण समजत होतो त्याच्या उलट. जास्त औषधानंच माणूस जातो असं नाही. कमी औषध आणि जास्त भीती, या जोडीनंही जातो. हॅना ग्रीनरच्या वेळी काय झालं असावं, त्याचा उलगडा त्रेसष्ट वर्षांनी झाला. तरीही श्वासाकडे पाहा हा हैदराबादचा धडा चुकीचा नव्हता. आजही आम्ही तोच गिरवतो. फक्त तो एकटा पुरेसा नव्हता.

आता पुन्हा ससूनच्या त्या खोलीत येऊ. रात्रीचे दहा वाजायला आले आहेत. रोगी क्षीण, तापलेला. त्या काळच्या पद्धतीनं भूल देणाऱ्याच्या एका हातात थेंब सोडायची बाटली असे, रोग्याच्या नाका-तोंडावर कापड ताणलेली तारेची जाळी असे, आणि दुसऱ्या हाताची बोटं जबड्याच्या कोनाखाली. जबडा पुढे धरून ठेवायचा म्हणजे जीभ मागे पडत नाही. करंगळीनं जमलं तर नाडी चाचपायची. डोळ्यांनी ओठांचा आणि कानाच्या पाळीचा रंग पाहायचा, मधूनच पापणी उचलून बाहुली किती मोठी आहे ते बघायचं. कानानं श्वास ऐकायचा. यंत्र एकही नाही. सगळी यंत्रं म्हणजे त्या माणसाची पंचेंद्रियं.

आणि दिवे गेले. अवेळी वादळ झालं होतं, वीज बंद पडली. एका परिचारिकेच्या हातात विजेची बॅटरी होती, तिनंही दगा दिला. शेवटी हरिकेन कंदील आणला आणि त्याच्या उजेडात मॅडॉक यांनी काम पुरं केलं.

सर्जनला पोटातलं दिसेनासं झालं, हे सगळेच सांगतात. पण डोक्याशी बसलेल्या माणसाला काय दिसेनासं झालं? ओठांचा रंग गेला. बाहुली गेली. उरला तो बोटाखालचा जबडा, बोटाखालची नाडी आणि कानाशी येणारा श्वास. हैदराबाद आणि लंडन या दोघांचं जे काय शहाणपण होतं, ते एवढ्यावर येऊन थांबलं. कंदील आला तरी पिवळ्या उजेडात निळे पडलेले ओठ ओळखणं कठीण असतं, हे मी अनुभवानं सांगतो.

कंदिलाचं आणखी एक आहे. ईथर स्फोटक आहे. जिथे उघड्यावर ईथर दिलं जातंय तिथे जळता कंदील आणणं म्हणजे दारूच्या कोठारात विडी पेटवणं. क्लोरोफॉर्म पेट घेत नाही. पण ज्योतीजवळ त्याच्या वाफा कुजून त्यातून फॉस्जीन तयार होतो, म्हणजे पहिल्या महायुद्धात वापरला तो विषारी वायू. गॅसबत्तीच्या उजेडात शस्त्रक्रिया करणाऱ्या जुन्या डॉक्टरांना बंद खोलीत खोकल्याची उबळ येई, ती त्यामुळे. त्या रात्री खोलीतल्या कुणाच्या मनात हे आलं असेल का, मला नेहमी कुतूहल वाटतं.

हे मला इतकं का जाणवतं, तर मी स्वतः अशा एका रात्रीत सापडलो होतो. १९७० च्या दशकाचा उत्तरार्ध. तालुक्याच्या गावचं एक रुग्णालय. गावाचं नाव सांगत नाही. मी नवा होतो. पोटदुखीनं तळमळणारा एक शेतकरी आला, वय तिशीचं. सर्जननी अपेंडिक्स सांगितलं. आमच्याकडे तेव्हा क्लोरोफॉर्म गेला होता, पण जाळीवर थेंब-थेंब ईथर देण्याची पद्धत चालू होती. मी कारकुनाला विचारलं, “अंगठा घेतला का?” तो म्हणाला, “घेतला.” कोऱ्या छापील कागदावर अंगठा. संमती म्हणजे अंगठा, एवढीच आमची समजूत. रोग्याशी मी एक वाक्यही बोललो नाही. घाई होती, आणि खरं सांगायचं तर बोलायची पद्धतच नव्हती.

भूल अर्धी चढली आणि तो ओकला. ज्वारीची भाकरी, पिठलं. दुखायला लागण्याआधी भरपेट जेवला होता, आणि त्याच्या आईनं वाटेतही थोडं भरवलं होतं, शक्ती यावी म्हणून. त्याला कुस केलं, घशात बोट घातलं, सक्शनचं यंत्र लावायला सिस्टर धावल्या, आणि त्याच क्षणी दिवे गेले. वॉर्डबॉय बिचारा तत्पर. तो पेटता कंदील घेऊन दारात उभा. मी आयुष्यात इतक्या जोरात कधी ओरडलो नाही. “बाहेर! कंदील बाहेर!” माझ्या खिशात टॉर्च होता. त्यातले सेल मी महिनाभर बदलले नव्हते.

तो जगला. दहा-बारा दिवस छातीत घरघर घेऊन पडून होता, मग सुधारला. घरी जाताना त्यानं मला विचारलं, “डॉक्टर, माझ्या पोटातलं काढलं काय नेमकं?” तोवर ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. मग तो म्हणाला, “मला इचारलं असतं, तर जेवलो म्हणून म्या सांगितलं असतं की.”

भुलेत पोटातलं फुप्फुसात जाणं हा धोका त्याच्या तीस वर्षं आधी नीट मांडला गेला होता. न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ साली बाळंतपणासाठी भूल दिलेल्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९३२ ते १९४५ या काळातल्या ४४,०१६ प्रसूतींमध्ये ६६ वेळा असं घडलं होतं. दोघी घास अडकून गुदमरून गेल्या. बाकीच्यांना त्रास झाला तो मुख्यतः पोटातल्या आम्लानं फुप्फुस भाजल्यामुळे, हे त्यांनी सशांवर प्रयोग करून दाखवलं. शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवण्याचा जो नियम आज घरोघरी माहीत आहे, त्याच्या मागे हे संशोधन आहे. मी ते परीक्षेसाठी पाठ केलं होतं. गुणही मिळाले होते.

म्हणून गांधीजींच्या त्या पेन्सिलीच्या सहीकडे मी वेगळ्या नजरेनं पाहतो. राजकारणाच्या अभ्यासकांना त्यात सरकारला दोषमुक्त करणारा कागद दिसतो, आणि तो तसा होताच. परंतु त्या कागदात आणखी काय होतं ते पाहा. काय झालंय हे रोग्याला सांगितलं होतं. काय करणार ते सांगितलं होतं. थांबलं तर काय होईल ते सांगितलं होतं. दुसरा पर्याय कोणता होता आणि तो का नाही, हेही. मग त्यानं स्वतःच्या शब्दांत होकार दिला, आपल्या विश्वासाच्या माणसाकरवी लिहवून, वाचून घेऊन. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं समीरा कोहली यांच्या खटल्यात जानेवारी २००८ मध्ये संमती कशाला म्हणावं हे स्पष्ट केलं, त्यातली बहुतेक कलमं १९२४ च्या त्या कागदात सापडतात. एक कैदी आणि त्याला कैदेत ठेवणाऱ्या सरकारचा डॉक्टर यांच्यात जे घडू शकलं, ते आमच्या तालुक्याच्या गावी एक शेतकरी आणि त्याच्याच भाषेत बोलणारा मी, यांच्यात घडलं नाही.

अर्थात गांधीजी म्हणून हे झालं, एरवी येरवड्याच्या बरॅकमधल्या साध्या कैद्याशी कोण एवढं बोललं असतं, असं कुणी म्हणेल. खरं आहे. मोठ्या माणसांच्या आजारपणातच डॉक्टर फार काळजीनं वागतात. त्याआधी सुमारे साडेएकवीस वर्षांपूर्वी, जून १९०२ मध्ये, खुद्द इंग्लंडचे राजे सातवे एडवर्ड यांना राज्याभिषेकाच्या तोंडावर हेच दुखणं झालं होतं. फ्रेडरिक ट्रेव्हीस यांनी २४ जूनला बकिंगहॅम राजवाड्यात पू काढला, समारंभ ऑगस्टपर्यंत पुढे गेला. ट्रेव्हीस यांची स्वतःची मुलगी याच रोगानं गेली होती. राजाला भूल देताना श्वास अडला तेव्हा हेविट या भूलतज्ज्ञानं दाढी धरूनच हनुवटी पुढे ओढली, असं आमच्याकडे सांगितलं जातं. राजाची दाढी धरायला मिळणारा माणूस या जगात बहुधा भूलतज्ज्ञच.

गांधीजींना पुढे लगेच बरं वाटलं असं नाही. जखमेशी गळू झालं, भरून यायला वेळ लागला. पेनिसिलिन अजून शोधलं जायचं होतं. जखम धुणं, ड्रेसिंग बदलणं आणि वाट पाहणं, हाच उपचार. ५ फेब्रुवारीला सरकारनं त्यांची उरलेली शिक्षा माफ करून सुटका केली. दोन दिवसांनी त्यांनी काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना महंमद अली यांना पत्र लिहिलं. कैद्याचं आजारपण हे सुटकेचं कारण होऊ शकत नाही, या सुटकेनं मला आनंद नाही, असं त्यात आहे. आणि त्याच पत्रात मरे, मॅडॉक, त्यांचे सहकारी आणि बहिणींसारखी काळजी घेणाऱ्या परिचारिका यांचे आभार आहेत. आता मी जायला मोकळा आहे, पण याहून चांगली शुश्रूषा दुसरीकडे मिळणार नाही, म्हणून जखम भरेपर्यंत कर्नल मॅडॉक यांच्या परवानगीनं इथेच राहतो, असंही ते लिहितात. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत ते ससूनमध्ये राहिले, मग विश्रांतीसाठी जुहूला गेले.

गंमत अशी की ‘हिंद स्वराज्य’मध्ये १९०९ साली याच माणसानं डॉक्टर आणि इस्पितळं यांच्यावर कडाडून टीका केली होती. लोकांनी विचारलंच, मग आता हे कसं? गांधीजींनी पळवाट काढली नाही. शस्त्रक्रियेला तयार होणं ही माझी दुर्बलता होती, जगण्याच्या इच्छेनं माझ्यावर मात केली, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं. मला ते उत्तर पटत नाही. जगण्याची इच्छा ही दुर्बलता असेल, तर आमचा सगळा धंदाच दुर्बलांच्या जिवावर चालतो म्हणायचा. पण उत्तर सरळ आहे.

त्या रात्रीच्या आणि आजच्या मधल्या काळात भूल देणं किती बदललं, याची जंत्री मी देत बसत नाही. एकच सांगतो. अंधारात जो रंग दिसेनासा झाला होता, तो पाहणारं यंत्र १९७४ च्या सुमारास जपानच्या ताकुओ आओयागी यांच्या संशोधनातून आलं. बोटाला चिमटा लावायचा आणि रक्तातल्या प्राणवायूचं प्रमाण आकड्यात वाचायचं. माझ्या हातात ते १९८९ साली आलं, तेव्हा मी दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बोटाला लावून पाहत होतो. २०२० च्या कोविडात ते घराघरात पोचलं. आओयागी त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारले, वृत्तपत्रात छोटीशी बातमी आली.

त्याहून साधी गोष्ट म्हणजे एक कागद. जागतिक आरोग्य संघटनेनं आठ शहरांतल्या रुग्णालयांत, त्यात दिल्लीही होती, शस्त्रक्रियेआधी मोठ्यानं वाचायची प्रश्नांची यादी वापरून पाहिली. रोग्याचं नाव काय, कुठली बाजू, संमती आहे का, बोटाचं यंत्र चालू आहे का. २००९ च्या जानेवारीत निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं होतं. नवं औषध नाही, नवं हत्यार नाही. नुसतं विचारलं. पुढच्या काही अभ्यासांत सगळीकडे इतका फरक दिसला नाही. यादी भिंतीला चिकटवली आणि कुणी वाचलीच नाही, तर तो दिसणार तरी कसा?

ससूनमधली ती खोली स्मारक म्हणून जपलेली आहे. आम्ही विद्यार्थी असताना तिथे एकदा गेलो होतो. सगळे टेबलाकडे पाहत होते. मी डोक्याकडच्या बाजूला उभा राहून पाहिलं, तिथून दार किती लांब आहे ते.

गेल्या वर्षी माझंच हर्नियाचं ऑपरेशन झालं. आदल्या संध्याकाळी एक तरुण भूलतज्ज्ञ मुलगी खाटेशी येऊन बसली. मी कोण ते तिला ठाऊक होतं, तरी तिनं सगळं विचारलं. दात कुठला हलतो का, जिना चढताना धाप लागते का, रात्री किती वाजता जेवणार. कमरेत भूल देणार आहे, पुरली नाही तर पूर्ण देईन, आणि मग काय काय होऊ शकतं, हे तिनं मला समजावलं. मी चाळीस वर्षं हेच केलं, असं सांगावंसं वाटत होतं. सांगितलं नाही. सकाळी टेबलावर घेतल्यावर तिनं पुन्हा मोठ्यानं नाव विचारलं. मी नाव सांगितलं. बाजू विचारली. मी म्हणालो, “उजवी.”

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)